फळ्यावरची अकरावी ओळ

मेडनहेड
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय देवीमावशी,

सा. न. अकरा आठवडे तुला पत्र लिहिलं नाही, माफ कर. या काळात तुझी दोन पत्रं आली. पहिल्यात तू विचारलंस, बरी आहेस ना. दुसऱ्यात विचारलंस, अनयशी भांडलीस का. मी दोन्ही वेळा फोन केला आणि उन्हाळा, टोमॅटो, तनूची जीसीएसईची परीक्षा असं काहीबाही बोलत राहिले. तू नेहमी म्हणतेस की फोनवर मी सराईतपणे थापा मारते, कागदावर मला ते जमत नाही. बरोबर आहे. म्हणून तर कागद टाळला.

मी बरी आहे. अनयशी भांडण नाही, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त नाही. झालंय ते असं: फळ्यावरची अकरावी ओळ चुकली आहे, आणि चूक माझी आहे.

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मध्येच स्वतःची बाजू घ्यायला लागेन.

थॉर्नहोपच्या किल्ल्याच्या मालकांची यादी तू सात वर्षं जमवते आहेस. किल्ला बांधणाऱ्या ११२० सालच्या राल्फपासून, १९५८ मध्ये तो गावाला देऊन टाकणाऱ्या मिस ॲबटपर्यंत, फाटकावरच्या फळ्यासाठी तेवीस ओळी. प्रॉसरसाहेबांच्या वडिलांनी लिहिलेल्या जुन्या गाइडबुकात, जिथे जिथे किल्ला मुलीकडे आला तिथे तिथे तिच्या नवऱ्याचं नाव छापलं आहे. तू म्हणालीस, "हे सगळे घरजावई. मालकीण वेगळीच." आणि एकेका बाईला कागदांतून शोधून परत आणलंस. तीन वर्षांपूर्वी पुसट झेरॉक्स वाचणं तुझ्या डोळ्यांना झेपेना, तेव्हापासून तू कागद न वाचताच माझ्याकडे पाठवतेस आणि मी ते वाचून एक्सेलमध्ये भरते. ब्रॅकनेलच्या ऑफिसात माझं कामच ते आहे. एकाच ग्राहकाच्या चुकून झालेल्या दोन नोंदी शोधायच्या आणि त्यांची एक करायची. तुला वाटलं, यादी चांगल्या हातात आहे. मलाही तसंच वाटलं.

मेमधल्या सभेत तू काय बोललीस ते मी विसरलेले नाही. किल्ल्याच्या ट्रस्टचे चेअरमन म्हणून प्रॉसरसाहेब फाटकाला वेळेवर आपोआप उघडणारं कुलूप बसवू म्हणत होते, तुझ्या सत्त्याहत्तराव्या वर्षाची काळजी करत. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "फळ्यावर एक नाव चुकीचं निघालं तर किल्ली तुमच्या टेबलावर ठेवीन. नाही निघालं तर पाय चालतायत तोवर फाटक मीच उघडणार." हे सांगणारं तुझं पत्र वाचून मी इथे किचनमध्ये एकटीने टाळ्या वाजवल्या होत्या.

आता चूक. दहाव्या ओळीतला मालक ह्यू १३८६ साली मेला. १३८७ च्या कागदात आहे, "इसाबेल, ह्यूची मुलगी, थॉर्नहोपची मालकीण." १३९४ च्या कागदात आहे, "जोन, वॉल्टरची बायको, ह्यूची मुलगी, थॉर्नहोपची मालकीण." या दोघी एकच धरल्या गेल्या आणि यादीत एकटी जोन राहिली. जूनमध्ये कौंटीच्या रेकॉर्ड ऑफिसने पाठवलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यात १४०२ चं एक दानपत्र निघालं, सोबत तिथल्या बाईंनी केलेला इंग्रजी सारांश. "इसाबेल आणि जोन, बहिणी, ह्यूच्या मुली" यांनी मिळून नदीकाठचं कुरण गावाच्या गुरांना दिलं. खाली दोन वेगळे शिक्के आहेत. सोबतच्या टिपेत असंही लिहिलंय की मुलगा नसला तर इथे सगळ्या मुलींना सारखा वाटा मिळायचा. धाकटी जोन तेव्हा सज्ञान नव्हती, म्हणून आधीच्या कागदात एकटी इसाबेल, आणि १३९४ चा कागद फक्त जोनच्या वाट्याचा.

तू सात वर्षं बायका परत आणत होतीस. मी त्यातली एक गिळली.

हे कसं झालं, तर एक्सेलने डुप्लिकेट समजून ती ओळ काढली असावी. फळ्याचं उद्घाटन वीस सप्टेंबरला आहे आणि तो रंगवून झाला आहे, हे मला माहीत आहे. मी काय करू ते सांग.

तुझी
ऋजुता


थॉर्नहोप
४ सप्टेंबर २०२५

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी चहा केला, मग भिंग शोधलं, मग वाचलं. चहा गार झाला.

पहिली गोष्ट. मला वाटलं होतं घटस्फोट. मी टोरांटोला मिहीरला सांगूनही बसले होते की ऋजुताचं काहीतरी बिनसलंय. तेव्हा त्याचा फोन आला तर दचकू नकोस, तो सांत्वन करायला करणार आहे. "डोन्ट वरी आई, ऋजुता स्ट्राँग आहे, तो मॅनेज करेल," असं म्हणाला. एवढं शिकवून माझ्या मुलाचं मराठी हे असं.

दुसरी गोष्ट. राग आला. चुकीचा नाही आला, अकरा आठवड्यांचा आला. जूनमध्ये बोलली असतीस तर ग्वेनने रंगाचा डबाही उघडलेला नव्हता. आता तेवीस ओळी रंगवून, वर पांढरं कापड बांधून फळा फाटकाच्या कमानीत टांगलाय आणि रोज सकाळी मी त्याच्याखालून जाते. गेले दोन महिने मोठ्या ऐटीत जात होते.

तिसरी गोष्ट, तुझं एक्सेल. अगं, मी म्हातारी झाले आहे, भोळी नाही. मशीनला इसाबेल आणि जोन एकच कशा वाटतील? मशीनला सासर नसतं. हे माणसाने केलंय. कुणी केलं आणि काय विचार करून केलं, ते लिही. तुला बोलायला म्हणून विचारत नाही. मला हे कमिटीपुढे सांगायचंय, आणि अर्धवट सांगणं मला येत नाही. चौतीस वर्षं या गावातल्या पेशंटना विचारलं, "नक्की काय खाल्लंत?" सगळे आधी म्हणतात, "विशेष काही नाही, डॉक्टर." तू तेच केलंस.

चौथी गोष्ट. बुधवारी, दहा तारखेला, कमिटीची बैठक आहे. मी सांगणार आणि किल्ली टेबलावर ठेवणार. बोलले ते बोलले. तू यायचं नाहीस. यादी माझ्या नावावर आहे.

किल्लीचं म्हणशील तर, रिटायर झाले त्या वर्षापासून रोज दहाला मी ते फाटक उघडते. आधी कावळे ओरडतात, मग कुत्री येतात, मग कुत्र्यांची माणसं. माणसं अजून फाटकातच गुडघा दाखवतात, खोकून दाखवतात. तुझे काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा उघडलं होतं, कारण दहा वाजले होते आणि दुसरं काय करायचं ते सुचेना. किल्ली गेली तर रेडिओ आहेच. हे वाक्य मी हसत लिहिलेलं नाही, हे तुला कळेल.

आता एक शेवटचं, आणि ते रागाच्या यादीत नाही. दोघी बहिणी होत्या हे वाचून मी किचनमध्ये मोठ्याने हसले गं! १३८७ ते १४०२ म्हणजे पंधरा वर्षं दोघी एका किल्ल्यात राहिल्या, आणि शेवटी मिळून शिक्का मारण्याइतपत बोलत होत्या. तुझी आई आणि मी एका कपाटात पंधरा दिवस काढू शकलो नाही. तिने मध्ये खडूने रेघ मारली होती.

खरं काय ते लिही. बुधवारच्या आत पोचलं पाहिजे, फर्स्ट क्लासचं तिकीट लाव.

तुझी
देवीमावशी


मेडनहेड
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय देवीमावशी,

एक्सेलने काही केलेलं नाही. मीच केलं, हाताने, मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर.

दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. एकात लग्न न झालेली इसाबेल, सात वर्षांनंतरच्या दुसऱ्यात लग्न झालेली जोन. बाप तोच, किल्ला तोच. मला शंका आली आणि मी ती दूर केली, असंसुद्धा झालं नाही. शंका आलीच नाही. लग्न झालं, नाव बदललं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहूनही ठेवलं आहे, "इसाबेल: माहेरचं नाव." तुला मोठ्या अक्षरांत छापून पाठवलेल्या यादीत तो रकाना नव्हता, नाहीतर तू तिथेच पकडलं असतंस.

आजीकडे तू देवी. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये चंद्रशेखरकाका ताटातल्या तांदळांत अंगठीने "अरुणा" लिहितायत आणि तू त्यांच्या अक्षराकडे डॉक्टरच्या नजरेने बघतेयस. मी पाकिटावर डॉ. अरुणा टिपणीस लिहिते आणि आत देवीमावशी. आमच्या घरातली प्रत्येक मोठी बाई मला अशीच माहीत आहे, एक बाई आणि दोन नावं. या देशात लग्नानंतर बदललं तर आडनाव बदलतं, मुलीचं नाव कुणी बदलत नाही, हे मला वीस वर्षांत कळलं नाही का? कळलं आहे. ऑफिसात कुणी विचारलं असतं तर मी बरोबर उत्तर दिलं असतं. पण त्या सकाळी मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही.

याहून लाजिरवाणं पुढे आहे. माझ्या लग्नात सासूबाईंनी माझं नाव आश्लेषा ठरवलं होतं. अनयने "आ" लिहिला होता आणि मी हात घालून तांदूळ सारखे केले, म्हटलं, राहू दे. तू मागे उभी होतीस, तुझं हसू मला ऐकू आलं होतं. त्या दिवसाचा मला अजून अभिमान आहे. आणि तीच मी, चौदाव्या शतकातल्या एका अनोळखी मुलीचं नाव बदलून मोकळी झाले, तिचे तांदूळ सारखे करायला तिथे कुणी नव्हतं.

एक्सेलचं नाव का घेतलं? मशीनची चूक वाटली तर तू हसून सोडून देशील असं वाटलं. हेही पूर्ण खरं नाही. ही चूक इथल्या कुणाच्या हातून झाली नसती, आणि तुला त्या कमिटीसमोर उभं राहून ती समजावून सांगावी लागेल, याची मला लाज वाटली. आता हेही लिहून टाकलं.

सोबत कमिटीसाठी इंग्रजीत एक पान आहे. चूक माझी, डॉक्टरांची नाही, तिची शिक्षा त्यांना होऊ नये, असं लिहिलंय. "किल्ली तुझ्याकडेच राहावी म्हणून हे लिहिलेलं नाही" असं वाक्य मी इथे लिहिलं होतं, ते खोडलंय बघ. त्यासाठीच लिहिलं आहे.

ऋजुता


थॉर्नहोप
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. ऋजुतास (आश्लेषास नव्हे) आशीर्वाद.

काल बैठक झाली. चर्चच्या मागचा हॉल, आम्ही सात जण, आणि ग्वेनने केलेला लेमन ड्रिझल केक. केक कापायच्या आधीच मी किल्ली टेबलावर ठेवली. पळीएवढी लोखंडी किल्ली, ठेवली की आवाज होतो.

"डॉक्टर, हे काय?" प्रॉसर म्हणाला.

"अकरावी ओळ. एक मालकीण राहिली."

त्याने चष्मा लावला. दानपत्राचा सारांश दोनदा वाचला, मग तुझं पान वाचलं. मग चष्मा काढला. "पण इसाबेलची जोन होईलच कशी? तुमच्या भाचीला नक्की काय वाटलं?"

आता हे कोरडं सांगून कुणाला समजणार? मी ताट मागितलं. तांदूळ कुठून आणणार, कॉफीची साखर होती. केकची मोठी ताटली रिकामी केली, तीत साखर पसरली, बोटातली अंगठी काढली आणि लिहिलं, "अरुणा." म्हटलं, आमच्याकडे लग्नात नवरा असं लिहितो, आणि त्या क्षणापासून मुलगी ही होते. सगळे ताटलीवर वाकले. प्रॉसरसुद्धा.

ग्वेन म्हणाली, "आणि त्याआधी?"

मी हाताने साखर सारखी केली आणि लिहिलं, "देविका." वाचून दाखवलं.

ग्वेन खुर्चीत मागे रेलली. "चाळीस वर्षं मी तुम्हाला ब्लडप्रेशर दाखवतेय, आणि मला तुमचं नावच माहीत नाही!"

"अर्धं माहीत होतं की."

मग मी त्यांना १९७६ ची गोष्ट सांगितली, तुला सांगितली आहे का आठवत नाही. रजिस्ट्रेशनसाठी गेले तर खिडकीतल्या कारकुनाने माझं एमबीबीएसचं सर्टिफिकेट परत सरकवलं. म्हणाला, हे दुसऱ्या कुणा बाईंचं आहे, देविका म्हणून कुणी आहेत, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, आणलंय. तो माझ्यामागे रांगेत बघायला लागला! तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे आम्हा दोघींची एक झाली. तर मी कमिटीला म्हटलं, तुमच्या माणसाने एका बाईच्या दोन केल्या, आमच्या मुलीने दोन बायकांची एक केली. फिट्टंफाट.

हसले सगळे. प्रॉसर हसत नाही, त्याचे कान लाल होतात. काल ते फारच लाल झाले.

मग तो म्हणाला, "मुद्दा किल्लीचा आहे." मी म्हटलं, आहेच. त्याने मेच्या बैठकीचे मिनिट्स काढले आणि माझं वाक्य वाचलं. "'फळ्यावर एक नाव चुकीचं निघालं तर.' आता, जोन हे नाव चुकीचं आहे का? नाही. बरोबर आहे. एक नाव कमी आहे. कमी नावाबद्दल डॉक्टर काहीच बोललेल्या नाहीत. दुसरं म्हणजे, कापड निघेपर्यंत तो फळा नाही. ते रंगवलेलं लाकूड आहे. फळा तो वीस तारखेला होईल." आणि पेन्सिलीच्या टोकाने किल्ली माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, "ही पळवाट आहे."

"डॉक्टर, तुम्ही शोधलीत तर पळवाट. चेअरमनने शोधली तर नियम."

"मला दयेवर किल्ली नको."

"दया?" तो खरोखर दुखावला गं. "माझ्या वडिलांच्या पुस्तकात त्या ओळीवर वॉल्टर आहे. साठ वर्षं वॉल्टर आहे. आमच्या घराने या ओळीबद्दल कुणावर दया करावी, अशी आमची परिस्थिती नाही."

मग केक खाल्ला. चांगला झाला होता, कॉफी मात्र बिनसाखरेची, कारण साखर ताटलीत होती.

एक अट मात्र त्याने घातलीच. सकाळी फाटक मी उघडायचं, संध्याकाळी बंद तो करणार. "बहिणींसारखं, अर्धं अर्धं," म्हणाला, आणि पुन्हा कान. मी जरा आढेवेढे घेऊन हो म्हटलं. खरं सांगू का, गेली दोन वर्षं संध्याकाळी ते फाटक ओढताना माझी कंबर धरते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कागदावर थापा मारता येत नाहीत हे फक्त तुझ्याबद्दल खरं आहे असं मला वाटायचं.

ग्वेनने आज सकाळी शिडी लावून ती ओळ खरवडली. रंगाचे दोन थर, मध्ये तीन दिवस, पुढच्या शुक्रवारपर्यंत वाळेल म्हणते. मी खालून विचारलं, दोन नावं मावतील का? वरून म्हणाली, "बहिणी आहेत, सरकून बसतील."

वीस तारखेला, शनिवारी या सगळे. श्रीखंड आणशील तर दोन डबे आण. इथे सगळ्यांना ते चीजकेकच्या आतलं सारण वाटतं आणि मला उरत नाही.

तुझी
देवीमावशी


मेडनहेड
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय देवीमावशी,

पोचलो. तनू रेडिंगपर्यंत झोपली होती, उठल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "आई, पण तो दोन बहीण एकाच टॉयलेटला जायचे का?" अनय म्हणाला, किल्ल्यात दोन बुरूज आहेत, म्हणून तर इतकी वर्षं टिकलं.

काल गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून तुला न दिसलेल्या दोनतीन गोष्टी लिहिते.

आम्ही पावणेदहालाच पोचलो होतो, पण मी मुद्दामच पुढे आले नाही. भिंतीच्या वळणावर थांबले. तू टेकडी चढून आलीस, मध्ये दोनदा थांबलीस, दोन्ही वेळा हवा बघतेयस असं दाखवलंस. किल्ली फिरवलीस. दोन्ही हातांनी फाटक ढकललंस. समोर चार कुत्री आणि पंधरावीस माणसं उभी होती, आणि तू वळून म्हणालीस, "या, उघडलंय." मराठीत. तुझ्या लक्षातही आलं नाही. कुणीही "पार्डन?" म्हटलं नाही, सगळे आत गेले.

कापड अडकलं तेव्हा प्रॉसरसाहेब शिडीवर चढले आणि खाली तू त्यांना "सत्तरीनंतर शिडी बंद म्हणून सांगितलं होतं ना!" असं दटावत होतीस, ते सगळ्यांनी ऐकलं. पण वर गेल्यावर त्यांनी कापड ओढायच्या आधी एक हात आत घालून अकराव्या ओळीवर बोट टेकवून बघितलं, रंग वाळलाय का. मग रुमालाने बोट पुसलं. हे फक्त मला दिसलं, कारण मी त्यांची शिडी धरली होती. नंतर खाली उतरल्यावर मला म्हणाले, "तर त्या तुम्ही." मी म्हटलं, "हो, मीच." "माझे वडील असते तर तुमच्याशी तासभर भांडले असते. मग जेवायला बोलावलं असतं." आणि जुन्या गाइडबुकाची नवी आवृत्ती काढायची आहे, यादी तपासून द्याल का, असं विचारलं. मी विचार करून सांगते म्हटलं. खोटं होतं, मी तेव्हाच ठरवलं होतं.

ती ओळ बाकीच्यांपेक्षा काळी दिसते. बावीस ओळी उन्हाळाभर वाळलेल्या आणि ही एकटी ताजी, जणू दोघी आत्ताच येऊन बसल्या आहेत. ग्वेनने "आणि" इतका बारीक लिहिला आहे की दोन्ही नावं एकमेकींना चिकटली आहेत. मी खूप वेळ बघत होते. माझी चूक नजरेला खुपेल असं वाटलं होतं, पण मला फक्त त्या दोघी दिसल्या. हे लिहून मी स्वतःला फार लवकर माफ करतेय का, असंही वाटतं. असेन. पण काल मला खरोखर इतका आनंद झाला होता की श्रीखंडाचे दोन्ही डबे संपले हेसुद्धा घरी आल्यावर लक्षात आलं. पुढच्या वेळी तिसरा तुझ्या फ्रिजमध्ये लपवते.

निघताना ग्वेन ब्रश धूत होती. माझं कौतुक करावं की कान धरावा हे तिचं ठरत नव्हतं, दोन्ही केलं. मग फळ्याकडे बघत म्हणाली, "दोघींची नावं लिहिली. त्यांच्या आईचं काय होतं?"

मला सांगता आलं नाही. घरी आल्यावर आज दुपारी मी सगळे कागद पुन्हा काढले. इसाबेल, ह्यूची मुलगी. जोन, ह्यूची मुलगी. इसाबेल आणि जोन, ह्यूच्या मुली. ह्यूचा घोडा आहे, ह्यूची गिरणी आहे, ह्यूने चर्चला दिलेल्या दोन मेणबत्त्या आहेत. त्या मुलींची आई कुठल्याही कागदावर नाही. ती किल्ल्याची मालकीण नव्हती, म्हणून फळ्यावर येणार नाही, हे मला कळतं. तरी तिला काय म्हणायचे, ते कुठेतरी कुणीतरी लिहिलं असेल.

उद्या: रेकॉर्ड ऑफिसला ईमेल करणे. ह्यूच्या बायकोचं नाव विचारणे.

ऋजुता